ड्रॅक्युला वाचताना : कुणाचं रक्त, कुणाची भीती

ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' ज्यांनी वाचली आहे, किंवा तिच्यावरचा एखादा सिनेमा पाहिला आहे, त्यांना ल्यूसी आठवते, मीना आठवते, किल्ल्यातल्या त्या तीन बायका तर हमखास आठवतात. एक बाई मात्र सहसा कुणाला आठवत नाही. ती चौथ्या प्रकरणात येते. केस सुटलेले, धावून धाप लागलेली. किल्ल्याच्या बंद दारासमोर उभी राहून ती आपलं लेकरू परत मागते, छाती पिटते, दारावर हात आपटते. वर खिडकीत जोनाथन हार्कर उभा आहे, इंग्लंडहून जमिनीच्या व्यवहारासाठी आलेला तरुण वकील. त्या रात्री ड्रॅक्युला याच हार्करचे कपडे घालून, हातात पोतडी घेऊन बाहेर गेला होता. त्यामुळे बाईला वाटतं, मूल यानंच नेलं. ती त्याच्याकडे बघून ओरडते. मग ड्रॅक्युला हाक देतो, लांडगे येतात आणि बाई संपते. हार्कर डायरीत नोंद करतो की त्याला तिची दया करता आली नाही, मुलाचं काय झालं हे त्याला कळलं होतं, तेव्हा ती मेलेलीच बरी.

तिला नाव नाही. पुढे पाच-सहा शिकलेले लोक ड्रॅक्युलाचा पाठलाग करत अर्धा युरोप पालथा घालतात, पण तो पाठलाग तिच्यासाठी नसतो.

तुमच्यापैकी ज्यांनी इंग्रजी साहित्यात एम.ए. केलं आहे त्यांना ही कादंबरी 'जेंडर आणि सेक्शुअ‍ॅलिटी'च्या युनिटमध्ये भेटली असेल. आमच्याही वर्गात ती तशीच आली. व्हिक्टोरियन काळात बाईच्या कामेच्छेची समाजाला भीती वाटत होती, व्हॅम्पायर हे त्या भीतीचं रूप, ल्यूसीच्या छातीत खुंटी ठोकणं म्हणजे मोकळ्या बाईला दिलेली शिक्षा. नोट्समध्ये हे सगळं होतं, परीक्षेत आम्ही ते लिहिलं, मार्क मिळाले. हे वाचन खोटं नाही. पण त्या तासांना 'स्त्री' हा शब्द शंभरदा आला असेल आणि मोलकरीण एकदाही आली नाही. ज्या घरांतून आपण कॉलेजात आलो तिथली पोरगी हे पुस्तक उघडते तेव्हा तिला विचारावंसं वाटतं, यातली कोणती स्त्री? माझं म्हणणं एवढंच आहे की हा प्रश्न विचारला नाही तर व्हॅम्पायरच्या गोष्टीतली भीती अर्धीच कळते. ती भीती सगळ्या बायकांच्या देहाबद्दल नाही. ज्यांच्या पोटी वारस जन्मायचा आहे त्या बायकांबद्दल आहे. बाकीच्या बायका या गोष्टीत फक्त खाद्य आहेत.

आधी ल्यूसी घेऊ. ती पैसेवाल्या घरची एकुलती एक मुलगी. एकाच दिवशी तिला तीन पुरुष मागणी घालतात : डॉ. सीवर्ड, अमेरिकन क्विन्सी मॉरिस आणि लॉर्ड होणार असलेला आर्थर होमवूड. मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात ती म्हणून जाते की मुलीला तिघांशीही लग्न का करता येऊ नये, आणि लगेच स्वतःलाच गप्प करते. अभ्यासक या पत्रावर खूप लिहितात आणि ते योग्यच आहे, कारण पुढे तिचं जे होतं त्याची मुळं या ओळींत आहेत. पण कादंबरीतला मृत्युपत्राचा तपशील कुणी शिकवत नाही. ल्यूसीची आई मरायच्या आधी जवळजवळ सगळी इस्टेट मुलीच्या नावे न करता होणाऱ्या जावयाच्या, म्हणजे आर्थरच्या नावे करून ठेवते. इंग्लंडमध्ये विवाहित बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवण्याचा हक्क देणारा कायदा १८८२ मध्येच झाला होता. कादंबरी आली १८९७ मध्ये. कायद्यानं दिलेलं आईच्या मृत्युपत्रानं काढून घेतलं, आणि लग्न न होताच मालमत्ता जिथं जायची तिथं गेली. ल्यूसीच्या देहाची एवढी राखण का चालली आहे, हे या मृत्युपत्रावरून ध्यानात येतं.

आता रक्ताकडे येऊ. ड्रॅक्युलानं रक्त पिऊन ल्यूसीला पांढरी फटक केली आहे. म्हातारे प्रोफेसर व्हॅन हेलसिंग ठरवतात की तिला दुसऱ्याचं रक्त द्यायचं. पहिल्यांदा आर्थर देतो. त्याचं रक्त इतकं शुद्ध आहे की त्यावर आणखी काही प्रक्रिया करायची गरज नाही, असं प्रोफेसर म्हणतात. मग सीवर्डचं, मग खुद्द प्रोफेसरांचं. चौथ्या वेळी मात्र घरात रक्त देऊ शकेल असा पुरुष उरत नाही. सीवर्ड आणि प्रोफेसर दोघांनीही आधी दिलेलं असतं. घरात मोलकरणी आहेत, धडधाकट आहेत. व्हॅन हेलसिंग म्हणतात, त्या तयार झाल्या तरी त्यांच्यावर भरवसा ठेवायची मला भीती वाटते. तेवढ्यात क्विन्सी मॉरिस दारात उगवतो आणि प्रश्न मिटतो.

ज्याच्या आजीला विहिरीवर वरून पाणी ओतून मिळायचं, तो वाचक या ओळीवर थांबतो. मुलगी मरायला टेकली आहे, तरी कुणाचं रक्त चालेल याची यादी आधी ठरलेली आहे. डॉक्टर, प्रोफेसर, लॉर्ड, टेक्सासचा जमीनजुमलेवाला चालतो. अंथरूण घालणारी, जेवण करणारी चालत नाही. (जाता जाता : रक्तगटांचा शोध कार्ल लँडस्टायनरनं १९०१ मध्ये मांडला. त्याआधी चार वेगवेगळ्या माणसांचं रक्त असं भरलं असतं तर ल्यूसीला मारायला ड्रॅक्युलाची गरज पडली नसती.)

आर्थरला वाटतं, आपलं रक्त तिच्या अंगात गेलं म्हणजे देवाच्या नजरेत आपलं लग्नच झालं. बाकी तिघांनीही रक्त दिलंय हे त्याला कुणी सांगत नाही. नंतर व्हॅन हेलसिंगला हसू आवरत नाही, कारण त्या हिशेबानं या गोड पोरीचे चार नवरे झाले. म्हणजे जे ल्यूसीनं पत्रात मागितलं आणि जिभेवरून परत घेतलं, ते पुरुषांनी आपापसांत गुपचूप करून टाकलं. त्याला उपचार म्हणतात. तेच ल्यूसीनं मागितलं तर ती बिघडलेली.

रक्त कुणात मिसळायचं आणि ते कुणी ठरवायचं, हा प्रश्न आपल्याला नवीन नाही. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये भारतातील जातींवर निबंध वाचला. त्यात त्यांनी दाखवलं की जात टिकते ती सजातीय विवाहाच्या कुंपणानं, आणि ते कुंपण राखायचं तर बाईची वासना, तिचं वैधव्य, तिचं लग्नाचं वय हे सगळं ताब्यात घ्यावं लागतं. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह यांचा उलगडा त्यांनी असा केला. स्टोकरच्या इंग्लंडमध्ये जात नव्हती, आणि 'ड्रॅक्युला'त जात शोधायला जाण्यात अर्थ नाही. पण कुंपणाच्या आतली बाई आणि बाहेरची बाई यांना वेगवेगळी भीती दाखवली जाते, हे समजायला तो निबंध हाताशी असला की लंडनच्या त्या बेडरूमचं दार उघडतं. आणि याच माणसानं १९३६ मध्ये जातिनिर्मूलनाचा उपाय म्हणून आंतरजातीय विवाह सांगितला. रक्त मिसळलं तरच आपलेपणाची भावना तयार होईल, असं त्यांचं म्हणणं. व्हॅम्पायरच्या गोष्टीत ज्याला सर्वात भयंकर म्हटलंय, त्यालाच बाबासाहेब औषध म्हणत होते.

मीनाबद्दल मला ल्यूसीपेक्षा जास्त माया आहे. ती श्रीमंत नाही. आई-बाप तिनं पाहिलेलेच नाहीत. शाळेत मदतनीस शिक्षिका म्हणून राबते, शॉर्टहँड शिकते, टाइपरायटरवर हात बसवते. नवऱ्याच्या कामात आपली मदत व्हावी म्हणून. पहिल्या पिढीतली कुठलीही शिकलेली मुलगी तिला ओळखेल. सगळ्या पुरुषांच्या डायऱ्या, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणं तारीखवार लावून, टाइप करून, तिनं ड्रॅक्युलाची फाइल उभी केली. ती फाइल नसती तर या वीरांना तो कुठे लपलाय हेही कळलं नसतं. व्हॅन हेलसिंग तिचं कौतुक करतात की हिला पुरुषाचा मेंदू आणि बाईचं हृदय आहे. आणि त्यानंतर लगेच ठरतं की आता तिला यात ठेवायला नको, तिच्या नाजूक मनाला झेपायचं नाही. तिला बैठकीतून उठवून झोपायला पाठवतात, तिच्यापासून सगळं लपवायला लागतात. नेमक्या त्याच दिवसांत ड्रॅक्युला तिच्यापर्यंत पोचतो. ऑफिसात अहवाल बाईनं बनवायचा आणि मीटिंगला साहेबांनी जायचं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

पण मीनाच्या गोष्टीतला खरा चटका कपाळावरच्या डागाचा आहे. तिच्यावर बळजबरी झाली. नवरा शेजारी गुंगीत पडलेला असताना ड्रॅक्युलानं तिचं डोकं दाबून तिला स्वतःचं रक्त प्यायला लावलं. दुसऱ्या दिवशी व्हॅन हेलसिंग तिच्या रक्षणासाठी म्हणून चर्चमधला पवित्र प्रसाद तिच्या कपाळाला लावतात, आणि कातडी भाजून लाल डाग उठतो. मीना केस तोंडावर ओढून आक्रोश करते की मी अपवित्र झाले. त्याआधीच तिनं नवऱ्याच्या अंगाला आपलं तोंड लागू द्यायचं नाही असं ठरवलेलं असतं. गुन्हा कुणाचा आणि विटाळ कुणाला? ज्यानं हे केलं तो मेल्यावरच तिचा डाग जातो, म्हणजे तिची शुद्धीसुद्धा तिच्या हातात नाही. शेवटी तिला मुलगा होतो आणि त्याला त्या सगळ्या पुरुषांची नावं एकत्र जोडून ठेवतात. त्या लांबलचक नावात ल्यूसीसाठी जागा झाली नाही.

'ड्रॅक्युला'च्या पंचवीस वर्षं आधी, १८७१-७२ मध्ये शेरिडन ले फानूची 'कार्मिला' आली होती. ती वाचली नसेल तर जरूर वाचा, शंभरेक पानांचीच आहे. ऑस्ट्रियातल्या जंगलाकाठी एका जुन्या गढीत लॉरा नावाची मुलगी वडिलांबरोबर राहते. घोडागाडीच्या अपघाताचं निमित्त होऊन कार्मिला नावाची सुंदर मुलगी तिच्या घरी मुक्कामाला येते. दोघींत जे घडतं त्याला प्रेम म्हणायचं की शिकार, हे लॉराला शेवटपर्यंत ठरवता येत नाही. कार्मिला तिला मिठीत घेते, कानात कुजबुजते, लॉराला ओढही वाटते आणि किळसही. दोन मुलींमधली अशी ओढ इतक्या उघडपणे लिहिणारं इंग्रजी पुस्तक त्या काळात विरळा. आज समलैंगिक प्रेमाच्या इतिहासात ते मानानं नोंदवलं जातं, आणि ती नोंद हवीच.

मात्र गढीच्या बाहेरही काही चाललेलं असतं. डुकरं राखणाऱ्याची तरुण बायको मरते. मग जंगलाच्या रखवालदाराची मुलगी मरते. तिची अंत्ययात्रा गढीवरून जाते, लोक भजन म्हणत असतात. लॉरा उठून उभी राहते, तीही त्यांच्यात गाऊ लागते. कार्मिला चिडते, कान झाकते, आणि ही पोरगी कोण असं विचारलं तर म्हणते की शेतकऱ्या-कुणब्यांची मी फिकीर करत नाही, मला काय माहीत ती कोण. पुस्तकाच्या शेवटी लॉरा व्हॅम्पायरांचा स्वभाव सांगते : साधारणपणे ते एका झडपेत सावज संपवतात, पण एखाद्या व्यक्तीवर त्यांचं मन जडतं, तिथं मात्र ते प्रेमिकासारखे हळूहळू, आर्जवं करत, चवीनं जातात. आणखी एक गोष्ट. लॉराची आई ज्या कार्नस्टाइन घराण्यातली, तीच मेलेली कार्मिला. म्हणजे या उमराव मुलीचं प्रेमसुद्धा स्वतःच्या घराण्यातच अडकलं. रखवालदाराच्या पोरीच्या वाट्याला ना आर्जव आलं, ना कुजबुज. इच्छा कुणाबद्दल जागी होते आणि भूक कुणावर भागवली जाते, हे ले फानूनं इतकं स्पष्ट लिहिलंय की क्लासरूममध्ये ते दिसत कसं नाही याचं नवल वाटतं. लॉरा आणि कार्मिला यांच्या प्रेमाच्या बाजूनं उभं राहताना रखवालदाराच्या पोरीचं प्रेत ओलांडून जाणारं वाचन मला मान्य नाही.

पुरुषांबद्दलची भीतीही या साहित्यात आहे, फक्त ती दबक्या पावलांनी येते. किल्ल्यात तीन बायका हार्करवर झुकतात तेव्हा ड्रॅक्युला त्यांना ढकलून हा माणूस आपला असल्याचं बजावतो. ही वाक्यं कोणत्या हवेत लिहिली गेली ते पाहा. ऑस्कर वाइल्डला १८९५ मध्ये पुरुषांशी असलेल्या संबंधांपायी दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. तो १९ मे १८९७ ला सुटला, आणि 'ड्रॅक्युला' त्याच महिन्याच्या २६ तारखेला बाजारात आली. वाइल्ड आणि स्टोकर दोघे डब्लिनचे, एकमेकांना ओळखणारे. याच व्हिक्टोरियन राज्यानं आपल्या दंडसंहितेत १८६० मध्ये कलम ३७७ घातलं. सहमतीनं होणाऱ्या संबंधांपुरतं त्याचं ओझं उतरायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावं लागलं.

हा रक्तपिपासू जमीनदार गोष्टीत आला कुठून, तेही बघण्यासारखं आहे. लोकांच्या मूळ समजुतीत व्हॅम्पायर उमराव नव्हताच. १७२५ च्या सुमारास सर्बियाच्या खेड्यांतून ज्या बातम्या ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी नोंदवल्या, त्यातली मढी साध्या शेतकऱ्यांची होती, सुजलेली, लालबुंद. १७५५ मध्ये राणी मारिया थेरेसानं मढी उकरून त्यांची विटंबना करायला बंदी घातली. त्या शेतकरी भुताला कोट घालून लॉर्ड केलं ते जॉन पॉलिडोरीनं. तो कवी लॉर्ड बायरनचा पगारी डॉक्टर होता. मालकाबरोबर १८१६ मध्ये जिनिव्हाच्या सरोवराकाठी राहिला, अपमान गिळले, आणि 'द व्हॅम्पायर' नावाची गोष्ट लिहिली. तिच्यातला लॉर्ड रुथवेन थेट बायरनवर बेतलेला : देखणा, थंड, तरुण मुलींना संपवून पुढच्या शहरात जाणारा. १८१९ मध्ये ती छापून आली ती बायरनच्या नावावर! नोकरानं मालकाला रक्तशोषक म्हटलं आणि त्याचंही श्रेय मालकाला मिळालं. पॉलिडोरी दोन वर्षांनी, पंचविशीतच वारला. कार्ल मार्क्सनं भांडवलाला व्हॅम्पायरची उपमा दिली ती नंतर, १८६७ मध्ये.

'ड्रॅक्युला' आली त्याच १८९७ साली आणखी एक व्हॅम्पायर कादंबरी आली, फ्लॉरेन्स मॅरियट या बाईनं लिहिलेली : 'द ब्लड ऑफ द व्हॅम्पायर'. ती फारशी कुठल्या सिलॅबसमध्ये नसते, पण आपल्यासाठी ती 'ड्रॅक्युला'पेक्षा महत्त्वाची आहे असं माझं मत. हिची नायिका हॅरिएट ब्रँट. जमैकाच्या कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली, भरपूर पैसा असलेली, प्रेमाला आसुसलेली मुलगी. ती कुणाला चावत नाही, थडग्यात झोपत नाही. फक्त जिच्यावर किंवा ज्याच्यावर ती जीव लावते त्याची शक्ती हळूहळू ओसरत जाते. तिनं मांडीवर खेळवलेलं एक तान्हं मूल मरतं. मग डॉ. फिलिप्स नावाचे एक म्हातारे डॉक्टर तिची कुंडली उघडतात. तिचा बाप गोरा शास्त्रज्ञ, जिवंत प्राण्यांवर आणि पुढे स्वतःच्या मळ्यावरच्या काळ्या माणसांवर चिरफाडीचे प्रयोग करणारा. मजुरांनीच शेवटी उठाव करून त्याला मारलं. आई मिश्र वंशाची, आणि आजी काळी गुलाम, जिला गरोदरपणी रक्तपिपासू वटवाघूळ चावलं होतं म्हणे. आता या वंशावळीत राक्षस कोण, असं पाचवीच्या पोराला विचारलं तरी ते बापाकडे बोट दाखवेल. डॉक्टर बोट दाखवतात ते आजीच्या रक्ताकडे. ते हॅरिएटला समजावतात की तुझ्यात तुझा काही दोष नाही, पण तू कुणाशी लग्न करू नकोस, कुणावर प्रेम करू नकोस. तरी एक भला माणूस सगळं ऐकून तिच्याशी लग्न करतो. मधुचंद्राच्या प्रवासात तो मरतो आणि ती विष घेते.

मॅरियटला हॅरिएटची कणव आहे, हे पानोपानी कळतं. पण डॉक्टर चुकला असेल, अशी शंका ती शेवटपर्यंत घेत नाही. पोरगी चांगली आहे, फक्त तिचं रक्त वाईट. आपल्यापैकी कितीजणांनी हे वाक्य वेगळ्या शब्दांत ऐकलंय. 'मुलगी हुशार आहे, स्वभावानं चांगली आहे, पण...' आणि त्या 'पण'नंतर कुणी आडनाव उच्चारतं, कुणी नुसतंच गप्प बसतं. हॅरिएटला मारायला खुंटी लागत नाही, लसूण लागत नाही. एका सुसंस्कृत डॉक्टरनं शांतपणे समजावलं, तेवढं पुरतं.

आपल्याकडेही रक्त पिणारी बाई आहे, फक्त ती कादंबरीत कमी आणि गावात जास्त सापडते. (वेताळाला उगाच यात ओढू नये. रिचर्ड बर्टननं १८७० मध्ये 'विक्रम आणि व्हॅम्पायर' असं नाव देऊन वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या, पण आपला वेताळ प्रेतात शिरून झाडाला लटकतो आणि कोडी घालतो.) बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते असं गावोगाव सांगतात. बाळंतपणात कोण मरतं, तर जिला दवाखाना मिळाला नाही ती. जिवंतपणी जिची हेळसांड झाली तिचीच मेल्यावर भीती घालायची, हा न्याय. आणि डाकीण तर जिवंतच असते. ती लेकरांचं काळीज खाते, माणसं शोषते, असं ठरवून बाईला मारहाण होते, विवस्त्र केलं जातं, गावाबाहेर काढलं जातं, जीवही घेतला जातो. अशा बाईकडे बघितलं तर ती बहुधा विधवा किंवा एकटी निघते, कधी तिच्या नावावर चतकोर जमीन असते, आणि बहुतेकदा ती आदिवासी, दलित किंवा मागास जातीतली असते. हे इतकं खरं आहे की त्यासाठी राज्यांना कायदे करावे लागले : बिहारनं १९९९ मध्ये, झारखंडनं २००१, छत्तीसगडनं २००५, राजस्थाननं २०१५ मध्ये. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्टला खून झाल्यानंतर. ल्यूसीच्या छातीतली खुंटी ही शिक्षेची प्रतिमा आहे असं आम्ही पेपरात लिहिलं. सातपुड्यातल्या डाकीण ठरवलेल्या बाईच्या अंगावरचे वळ प्रतिमा नसतात.

म्हणून व्हॅम्पायरच्या गोष्टी सोडून द्याव्यात असं मात्र मला वाटत नाही. २००५ साली अमेरिकेत दोन व्हॅम्पायर कादंबऱ्या आल्या. एक स्टेफनी मेयरची 'ट्वायलाइट', जी तुमच्या धाकट्या बहिणीनंही पाहिली असेल. तिच्यातला एडवर्ड गोरापान, उन्हात चमकणारा, श्रीमंत, लग्नाआधी मुलीला हात लावायचा नाही म्हणणारा. त्याच्यासमोर उभा केलेला लांडगा-माणूस जेकब हा क्विलूट जमातीचा. ही जमात खरीखुरी आहे, वॉशिंग्टन राज्यात समुद्राकाठी ला पुश इथं राहते. तिच्या परवानगीशिवाय तिच्या दंतकथा बदलून वापरल्या गेल्या आणि त्यावर जगभर माल खपला, त्या काळात ती जमात त्सुनामीच्या धोक्यातून आपलं गाव उंचावर हलवता यावं म्हणून झगडत होती.

दुसरी ऑक्टेव्हिया बटलरची 'फ्लेजलिंग'. बटलर काळी बाई. वडील बूटपॉलिश करायचे, ते लवकर गेले, आई गोऱ्यांच्या घरी घरकाम करायची आणि मागच्या दारानं आत जायची. मुलगी पासाडेनाच्या सिटी कॉलेजात शिकली, मिळेल ती कामं करत पहाटे उठून लिहीत राहिली. तिच्या शोरीला जाग येते ती गुहेत, भाजलेल्या अंगानं, काहीही आठवत नसताना. हळूहळू कळतं की ती व्हॅम्पायरांच्या प्राचीन जमातीतली आहे, आणि तिच्या माणसांनी काळ्या माणसाचं जनुक मिसळून तिला घडवलंय. त्यामुळे तिची कातडी काळी आहे आणि ती दिवसा उन्हात वावरू शकते. तिचं अख्खं घराणं जाळून मारलं गेलं ते याचसाठी. शुद्ध रक्ताचा अभिमान असलेल्या सिल्क घराण्याला ही भेसळ नको होती. हॅरिएटला जे रक्त मारतं, तेच शोरीला जगवतं. ती विष घेत नाही. ती पंचायतीपुढे उभी राहून साक्ष देते, खोटं पकडते, खटला जिंकते. सिल्क घराण्याला शिक्षा होते ती अशी की त्यांची मुलं वेगवेगळ्या घराण्यांत दत्तक द्यायची, म्हणजे ते नावच पुसलं जाईल.

ज्युएल गोमेझनं आधीच, १९९१ मध्ये 'द गिल्डा स्टोरीज'मध्ये गुलामीतून पळालेली काळी मुलगी व्हॅम्पायर केली होती, बायकांवर प्रेम करणारी. ती रक्त घेते, पण मारत नाही आणि बदल्यात त्या माणसाच्या मनात काहीतरी ठेवून जाते, एखादं स्वप्न, एखादी आशा. बटलर इतकी गोड नाही. शोरी ज्यांचं रक्त पिते ती माणसं तिच्या लाळेच्या इतकी आहारी जातात की तिला सोडून गेली तर जगू शकत नाहीत. ती आनंदात असतात, पण 'नाही' म्हणायची सोय त्यांना उरलेली नसते. त्यात शोरी त्रेपन्न वर्षांची असली तरी दिसते दहा-अकरा वर्षांच्या पोरीसारखी, त्यामुळे तिचे शरीरसंबंध वाचताना पोटात ढवळतं. बटलर ही अडचण झाकत नाही. जिचं घराणं रक्तशुद्धीच्या नावाखाली जळालं, तिच्याच हातात दुसऱ्यांच्या देहावरची सत्ता आली तर ती काय करते, हे ती शोरीला आणि आपल्यालाही विचारत राहते. शोरी एकेका माणसाला समजावून सांगायचा प्रयत्न करते, विचारते, वेळ देते, आणि तरी तिची भूक थांबत नाही. ही बटलरची शेवटची कादंबरी ठरली. फेब्रुवारी २००६ मध्ये ती वारली, आणि शोरीनं त्या माणसांबरोबर नवं घर कसं बांधलं ते लिहायचं राहिलं.